गुणवंतरावाचं इंग्रजी

बाबूपेठेत कोणाच्या घरी तार आली, की ती उघडायच्या आधी गुणवंतराव फुलझेल्याला बोलावणं जायचं. मरणाची असो की नोकरीची, तार वाचायचा मान त्याचा. चंद्रपूरच्या वीज केंद्रात तो ऑपरेटर होता, पण वस्तीत त्याची ओळख नोकरीची नव्हती, जिभेची होती. इंग्रजी असं फाडफाड बोलायचा, की बँकेतला कारकूनही खुर्चीतून अर्धा उठायचा. आणि चौदा एप्रिलला स्टेजवर चढला, की विचारूच नका! "अन्याय करणाऱ्यापेक्षा अन्याय पाहून गप्प बसणारा मोठा गुन्हेगार," असं तो गरजायचा आणि खाली बसलेल्या म्हाताऱ्या पदरानं डोळे टिपायच्या. बाप लहानू बल्लारशाच्या सागवान डेपोत ओंडके ओढून वाकला होता. तो मागच्या रांगेत उभा राहून शेजाऱ्याला कोपरानं ढोसायचा, "माया पोट्टा हाय थो."

असा हा माणूस. आता त्याची जी गोष्ट सांगायची आहे, ती त्यानं स्वतः कधीच कोणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी नाहीच ती.

सन त्र्याऐंशीत गुणवंतराव मस्कतला गेला. तिथल्या एका वीज कंपनीत नोकरी लागली होती. दोन वर्षं एकट्यानं काढली, डाळभात शिजवून खाल्ला, आणि मग कुठं बायकोपोरींना आणायची परवानगी मिळाली. ती परवानगी दर वर्षी नवी करावी लागे आणि तिच्यावर सही लागे पाटकर साहेबांची. पाटकर त्याचे वरिष्ठ, मुंबईचे. माणूस वाईट नव्हता, पण त्याला भानगड म्हणून चालायची नाही. "आपण परमुलखात आहोत फुलझेले, नाकासमोर चालायचं," हे ते आठवड्यातून एकदा तरी म्हणायचे. गुणवंतराव मान हलवायचा. चंद्रपुरात कोणापुढं न वाकलेली ती मान मस्कतला गेल्यापासून बरीच हलायला लागली होती, हेही सांगून टाकावं.

सत्यशीला दोन पोरींना घेऊन आली आणि घरात पुन्हा माणसाचा आवाज झाला. एका शुक्रवारी समुद्राकाठच्या मोठ्या बागेत जायचं ठरलं. शुक्रवार तिथं सुट्टीचा दिवस. गुणवंतरावानं काय करावं? पाटकर साहेबांनाही बोलावून बसला, आणि तेवढ्यावर थांबेल तर तो गुणवंतराव कसला! म्हणाला, "साहेब, आमच्या चांद्याचे, म्हणजे चंद्रपूरचे, पानगे तुम्ही आयुष्यात खाल्ले नसतील. बट्ट्या-बिट्ट्या विसराल."

घरी येऊन सांगितलं तर सत्यशीलेनं कपाळाला हात लावला.

"पानगे? अन् पानं कुठून आनू जी मी? इथी का पळस उगवते?"

"चांदीचा कागद हाय न. त्यात गुंडाळू."

"कागदात भाजलं त्याले पानगा नाई म्हनत. पानाचा वास नाई लागला तं थे नुसती जाड भाकर. तुमाले एवढं मोठं बोलाची काय गरज होती?"

तिचं खरं होतं. कणकेचा जाड थापटा, वरखाली पळसाचं पान आणि मग तो गोवरीच्या विस्तवात भाजायचा. पान जळतं, पण जळता जळता आपला वास कणकेला देऊन जातं. आपल्याकडं शेतात, नदीवर, कुठंही दहा माणसं जमली की पानगे होतात, आणि पानाचा विचार कोणी करत नाही, कारण पळस हात लांबवला की सापडतो. ज्या वस्तूला घरी किंमत नाही, तीच परदेशात अडून बसते.

शुक्रवारी चार वाजता मंडळी बागेत पोचली. नोव्हेंबर लागला होता, ऊन मवाळ झालं होतं. बाग अशी हिरवी, की गवत कोणी विंचरून ठेवलंय वाटावं. विस्तव करायला सिमेंटचे ओटे होते. पाटकर साहेब आणि त्यांच्या बाई चटईवर बसले, पोरी झोक्याकडं पळाल्या, आणि गुणवंतराव ओट्यापाशी उकिडवा बसून कोळसे फुंकायला लागला. कोळसे काही पेटेनात.

"काऊन जी, पेटून नाई राह्यला का?" सत्यशीलेनं विचारलं.

तिचं वाक्य संपलं आणि मागं धप्पकन आवाज झाला. झाडांना पाणी देणाऱ्या माळ्याच्या हातून नळी खाली पडली होती. निळा डगला, डोक्याला फडकं, उन्हानं काळा पडलेला चाळिशीचा माणूस. नळीतलं पाणी त्याच्या पायावरून वाहत होतं आणि तो तसाच उभा.

"तुमी कुठचे जी?" तो म्हणाला.

"चांद्याचे," सत्यशीला म्हणाली.

"आवो माय!" माणूस मटकन खालीच बसला. "मी चिचटोल्याचा. आष्टीच्या पल्याड. गोंडपिपरीहून वैनगंगा वलांडली का आलंच मायं गाव. वारलू म्हनते मले. दोन वर्स झाले बाई, दोन वर्सात एका मान्सानं माया कानावर 'काऊन' म्हनलं नाई."

आणि तो रडायला लागला. लाजला, फडक्यानं तोंड पुसलं, पुन्हा रडला. सत्यशीलेचेही डोळे भरले. गुणवंतरावानं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या क्षणी त्याला खरोखर वाटलं, की हा आपला माणूस आहे. वारलू भडाभडा बोलत सुटला. गावाकडं तो सागाच्या रोपवाटिकेत रोजीनं कामाला होता. बायकोचा भाऊ करीमनगरकडचा, तो लोकांना अरबस्तानात धाडणाऱ्या एका दलालाला ओळखत होता, त्यानं याला धाडलं. अजून दोन वर्षं काढली की परत जायचं. पोरीचं लग्न करायचं आणि आईला कौलाचं घर बांधून द्यायचं, एवढंच डोक्यात.

"आज काय बनवून राह्यले बाई?"

"पानगे. पन पान नाई न बापा."

वारलू उठलाच. "पान नाई म्हंजे? मी कायले हाव?"

बागेत जंगली बदामाची मोठी झाडं होती. त्याची दहा-बारा पानं तो घेऊन आला. पण जून पानं ती. विस्तवावर ठेवली की तडकायची, कणकेत काळे तुकडे शिरायचे. पहिला पानगा बिघडला. पाटकरबाई हसून म्हणाल्या, "राहू द्या हो, आम्ही बिस्किटं आणली आहेत." साधंच बोलल्या त्या. पण गुणवंतरावाला ते झोंबलं. चांद्याची अब्रू जणू त्या एका थापट्यावर लटकली होती! त्यानं इकडं तिकडं पाहिलं. फाटकाजवळ बदामाचीच छोटी झाडं एका रांगेत लावलेली होती, कमरेएवढी, पानं लुसलुशीत.

"थे पाय वारलू, थे आन. कवळी हायेत."

वारलूचा चेहरा उतरला. "थे नको जी साहेब. आठ दिवसानं इथी मोठा समारंभ हाय, त्याच्यासाठी लावले. सुपरवायझर रोज मोजून जाते थ्याले. लगित कडक हाय."

"अरे, पानंच तर तोडाची हायेत, झाड थोडंच उपटतो! कोनी आलं तं मी बोलतो त्याच्याशी. मी हाव ना!"

मी हाव ना. हे शब्द त्याच्याच तोंडचे. सत्यशीलेनं ऐकले, पाटकरांनी ऐकले असतील-नसतील, पण वारलूनं ते देवाची वाणी असल्यासारखे ऐकले. तो गेला आणि ओंजळ भरून कोवळी पानं घेऊन आला. "अजून आठ-दहा आन," गुणवंतराव म्हणाला. वारलू पुन्हा गेला.

मग काय, पानगे असे जमले की सांगता सोय नाही! ओटा धुरानं भरला, जळक्या पानाचा वास सुटला. पळसाचा नव्हता तो, पण त्याची आठवण करून देणारा होता. पाटकर साहेबांनी तूप घालून तीन खाल्ले. "फुलझेले, मानलं तुम्हाला," म्हणाले. सत्यशीलेनं वारलूला हाताला धरून चटईवर बसवलं, ताटात पानगा चुरून दिला, वर वांग्याची भाजी घातली. त्यानं पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले.

तेवढ्यात फाटकापाशी एक गाडी थांबली.

सुपरवायझर उतरला, रांगेतल्या झाडांजवळ उभा राहिला. चार झाडांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. मग त्यानं वळून धुराकडं पाहिलं आणि तरातरा चालत आला. ओट्यावर पानं, चटईवर पानं, आणि पानांच्या मधोमध त्याचाच माळी, हातात घास. तो वारलूवर हिंदीत ओरडला. वारलू उठला. तोंडातला घास गिळायचं भान नाही, चावायचंही नाही. त्यानं गुणवंतरावाकडं पाहिलं.

पाटकर साहेबही बघत होते. "काय प्रकार आहे हा, फुलझेले?" त्यांचा आवाज एकदम ऑफिसातला झाला.

गुणवंतराव उभा राहिला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मी तुम्हाला सांगतो, कारण पुढं कित्येक महिने तो तेच स्वतःशी घोळवत होता. त्याला पाटकरांची सही दिसली. सत्यशीला आणि दोन पोरी विमानतळावर ट्रंका घेऊन उभ्या दिसल्या. परमुलखात सरकारी झाडं तोडायला लावली म्हणून आपलं नाव कुठल्याशा कागदावर चढलेलं दिसलं. आणि त्यानं तोंड उघडलं. इंग्रजी तर काय, पाण्यासारखं! तो म्हणाला, की ही पानं या माणसानं स्वतःच्या हातानं तोडून आणली. आम्ही कुटुंबवत्सल माणसं आहोत, या देशाच्या नियमांचा आदर करतो. बागेच्या माळ्यानंच पानं आणून दिली, म्हणून आम्ही ती वापरली. झाल्या प्रकाराबद्दल आम्हाला मनापासून खेद आहे.

दोन-तीन मिनिटं बोलला. हातवारे केले, आवाज कुठं चढवायचा, कुठं उतरवायचा, सगळं बरोब्बर. एक शब्द खोटा नव्हता त्यात. आणि माणूस एक शब्दही खोटं न बोलता किती नीच होऊ शकतो, ते गुणवंतरावाला त्या दिवशी कळलं.

सुपरवायझर त्याला "सॉरी सर" म्हणाला. वारलूला म्हणाला, "चल." वारलू हात जोडून उभा होता आणि एकटक गुणवंतरावाच्या तोंडाकडं बघत होता. तो गाडीच्या मागच्या बाजूला चढला. गाडी निघाली तेव्हा त्यानं एक हात वर केला. ती विनवणी होती, की शाप होता, गुणवंतरावाला कळलं नाही. त्यानं मान फिरवली.

"बरं झालं, तुम्ही वेळीच खुलासा केलात," पाटकर म्हणाले.

घरी जाताना टॅक्सीत सत्यशीला खिडकीबाहेर बघत बसली होती. ती दहावीपर्यंत शिकलेली. सगळं नाही, पण समजायचं तेवढं तिला समजलं होतं.

"काय बोलले तुमी थ्याले?"

"जे झालं थेच बोललो. खरं थे सांगितलं."

"खरं? अन् पानं आनाले त्याले कोन म्हनलं? मी हाव ना, मी हाव ना, करून कोन राह्यलं होतं?"

"हळू बोल. पोरी आयकून राह्यल्या."

"आयकू द्या. त्याइलेबी समजू द्या, आपला बाप भाषन किती चांगलं करते थे."

ती पुढं महिनाभर त्याच्याशी कामापुरतं बोलली. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मिटवता येतं.

पुढच्या शुक्रवारी गुणवंतराव एकटाच बागेत गेला. निळ्या डगल्यात दुसरा माणूस पाणी देत होता, करीमनगरकडचा. त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं, "वारलू? गया. घर भेज दिया." गुणवंतराव फाटकापर्यंत आला. चार झाडं उपटून तिथं नवी लावली होती. त्या दिवसानंतर तो बागेत गेला नाही. पोरी हट्ट करायच्या, मग कधी ऊन आहे म्हणायचा, कधी काम आहे. त्या बागेवरून बस जायची तर हा दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसायचा. माळ्यांच्या कंपनीला पाठवायला त्यानं इंग्रजीत एक पत्रही लिहिलं. चांगलं लिहिलं. चारदा लिहिलं आणि चारदा फाडलं. परवानगी नवी झाली, पाटकरांनी सही केली, आणि सही करताना म्हणाले, "तुमच्यासारखी सरळ माणसं हवीत." सरळ म्हणे! गुणवंतरावाला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

अशी दीड वर्षं गेली. सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात सगळे सुट्टीवर चंद्रपूरला आले. बाबूपेठेत कौतुक काय विचारता! कोणी कॅसेट वाजवून बघतंय, कोणी साबणाचा वास घेतंय. लोक म्हणाले, या वर्षी जयंतीला तिथल्या गोष्टी सांगा भाऊ, स्टेजवरून. गुणवंतराव म्हणाला, घसा बसला. बाप लहानू त्याच्याकडं नुसता बघत राहिला.

चौथ्या दिवशी सत्यशीलेनं पोरींना आजोबाकडं ठेवलं आणि पिशवी भरायला घेतली. परदेशातून आणलेलं एक जाड, फुलांचं ब्लँकेट तिनं घडी करून आत घातलं.

"कुठी चाल्ली?"

"चिचटोल्याले. तुमीबी चला."

"मी काय तोंड घेऊन जाऊ तिथी?"

"हाय थेच घेऊन चला," ती म्हणाली. "दुसरं कुठून आनाल?"

आष्टीची बस पकडली. गोंडपिपरी गेली, वैनगंगा गेली. उन्हानं आटलेल्या नदीत म्हशी बसल्या होत्या. गुणवंतराव मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. वारलू, मी तुझ्या पायावर डोकं ठेवायला आलो. नाही, हे नाटकी झालं. वारलू, मी भ्यालो. हे बरं. मी भ्यालो आणि तुला पुढं केलं. मार दोन, शिव्या घाल, गावासमोर घाल. त्यानं मनाशी पक्कं केलं होतं, हे मला सांगू द्या. त्या बसमध्ये बसलेला गुणवंतराव खरोखर कबूल करायला निघाला होता. त्याला दुसरं काही नको होतं, फक्त एकदा खरं बोलायचं होतं.

आष्टीपासून दोन कोस पायी. चिचटोला म्हणजे पन्नास-साठ घरं, धानाची बांधी, कडेला मोह आणि पळस. वारलूचं घर विचारलं तर एका बाईनं बोट दाखवलं. कौलाचं नव्हतं, गवतानं शाकारलेलं होतं. अंगणात वारलू टोपली विणत बसला होता. केस पांढरे झाले होते. त्यानं वर पाहिलं. गुणवंतरावाचे पाय जागीच थांबले.

"आले!" वारलू ओरडला. "माय, अवं माय! साहेब आले! माये साहेब आले!"

तो धावत आला आणि गुणवंतराव वाकायच्या आधी तोच त्याच्या पाया पडला. गुणवंतरावाला काही उमजेना. वारलूनं त्याला बाजेवर बसवलं, पाणी आणलं, सत्यशीलेला म्हणाला, "बाई, तुमच्या हातचा घास अजून जिभेवर हाय." म्हातारी आई शकुबाई काठी टेकत बाहेर आली. शेजारीपाजारी जमले. पंधरा-वीस माणसं झाली.

"वारलू, मी तुले एक सांगाले आलो," गुणवंतरावानं सुरुवात केली. "थ्या दिवशी..."

"मी सांगतो न जी!" वारलू उठून उभा राहिला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "देवराव, ये, पुढं ये. इच्यार आता साहेबाले. म्हनत होतास ना, वारलू चोरी करून आला, म्हून हाकलला त्याले? दीड वर्स सगळ्याइनं आयकलं. माया पोरीची सोयरीक मोडली या बोलन्यानं. मी बोंबलून बोंबलून सांगतलं, का बाबा, चोरी नाई, दोन पानाची गोष्ट होती. आपल्या चांद्याकडचा एक मोठा साहेब मायासाठी उभा राह्यला. थ्या सुपरवायझरसंगं इंग्रजीत भांडला. असा भांडला, असा हात करून! जेवन टाकून उठला. मायासारख्यासाठी कोन उठते? पन थो उठला. कोनी इश्वास ठेवला का? आता पाहा, कसे घरापर्यंत आले!"

गाडीतून वर केलेला तो हात गुणवंतरावाला आता समजला. वारलू आभार मानत होता.

त्यानं सत्यशीलेकडं पाहिलं. ती खाली मान घालून पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. बसमध्ये जुळवलेली वाक्यं त्यानं गिळली. कारण आता ती बोलायची कोणासाठी? वारलूजवळ नोकरी राहिली नव्हती, घर झालं नव्हतं, पोरीचं ठरलेलं मोडलं होतं. एवढी एकच गोष्ट होती त्याच्याजवळ, की आपल्यासाठी कोणी तरी उभं राहिलं होतं. ती या अंगणात, देवरावासमोर, हिसकावून घ्यायची? आणि नाही घेतली, तर आपण त्याचं भलं केलं म्हणायचं, की पुन्हा एकदा भ्यालो म्हणायचं? गुणवंतरावाला खरंच कळेना. भित्र्या माणसाची हीच तर शिक्षा आहे, त्याचा चांगुलपणाही त्याला ओळखू येत नाही.

देवराव म्हणजे शेजारचा, पागोटंवाला, संशयी डोळ्यांचा म्हातारा. तो पुढं सरकला. "साहेब, हा म्हनते थे खरं हाय का जी?"

सगळ्यांच्या माना गुणवंतरावाकडं वळल्या.

"वारलूनं चोरी केली नाई," गुणवंतराव म्हणाला. "अजिबात नाई." निदान एवढं तर मोकळेपणी बोलता आलं.

"आयकलं?" वारलूनं मांडीवर थाप मारली. मग जरा लाजत म्हणाला, "साहेब, एक मागनं हाय. तुमी थ्याले काय म्हनले थे मले समजलं नाई, इंग्रजी होतं. पन काय बोलले तुमी! इथी म्हना न जी एकडाव. जसंच्या तसं. आमच्या लोकाइले आयकू द्या."

"राहू दे बापा," सत्यशीला एकदम म्हणाली.

"नाई बाई, म्हनू द्या! गावानं कधी आयकलं नाई असं."

"म्हना जी, म्हना," लोक म्हणाले.

गुणवंतराव बाजेवरून उठला. अंगणात ऊन, समोर पंधरा-वीस चेहरे, आणि वारलू अगदी तसाच हात जोडून उभा, तसाच तोंडाकडं बघत. गुणवंतरावानं श्वास घेतला आणि इंग्रजीत बोलायला लागला. ही पानं मी तोडायला लावली, तो म्हणाला. हा माणूस नको म्हणत होता, मीच ऐकलं नाही. मी त्याला शब्द दिला होता. यात त्याचा काडीचाही दोष नाही. दंड करायचा तर मला करा, हाकलायचं तर मला हाकला. बोलता बोलता त्याचा आवाज फाटला, डोळ्यांतून धारा लागल्या, तरी तो बोलत राहिला. उभ्या आयुष्यात, कुठल्याही स्टेजवर, इतकं खरं तो कधी बोलला नव्हता.

टाळ्या पडल्या. देवरावानंही टाळी वाजवली.

"याचा मतलब काय होते जी?" कोणीतरी विचारलं.

गुणवंतरावानं मराठीत सांगितलं. एकेक वाक्य, जसंच्या तसं. लोक "वा, वा" म्हणाले. वारलू सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होता, जणू ते भाषण त्यानंच केलं होतं. "पाहा! मायासाठी बोलला हा मानूस. सोताच्या अंगावर घेतलं!"

शकुबाई काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकत होती. तिला कमी ऐकू यायचं, पण एवढं ऐकू आलं होतं. तिनं गुणवंतरावाकडं बघत अगदी साधेपणानं विचारलं, "अन् मंग बाबा, तू एवढं सोताच्या अंगावर घेतलं, तं त्याइनं तुले काऊन नाई हाकललं? याले काऊन हाकललं?"

गुणवंतरावाच्या जिभेवर मराठी आलं नाही, इंग्रजीही आलं नाही. सत्यशीलेनं मान वर केली आणि त्याच्याकडं पाहिलं.

"काय माय तूबी!" वारलूच मध्ये बोलला. "साहेब लोकाइले कोनी हाकलते का?"

सगळे हसले. आणि लाजेची गोष्ट अशी, की त्यांच्याबरोबर गुणवंतरावही हसला.